नवं यंत्र टिकणार की माळ्यावर जाणार, हे घेण्याआधी कसं ओळखायचं

दुकानातला डेमो बघून अंदाज बांधू नका. डेमोत सगळंच चालतं, कारण तिथे वीज असते, वाय-फाय असतं आणि शिकवणारा पोरगा शेजारी उभा असतो. वस्तू टिकते की नाही हे नंतर ठरतं. ऑफर संपल्यावर पैसे कोण भरतो, बिघडल्यावर हात कोण लावतो आणि कंपनीने अंग काढून घेतलं तर वस्तूत काय उरतं, हे बघायचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हे तपासणं उलट सोपं जातं. इथे दोन राज्यांचे वीजदर आहेत, दोन टेलिकॉम सर्कल आहेत आणि घराघरात दोन-तीन भाषा आहेत. एका राज्याच्या सवलतीवर तगलेली वस्तू कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की उघडी पडते.

आधी प्रश्न नीट लिहा

"स्मार्टवॉच टिकेल का?" हा प्रश्नच सैल आहे. वस्तूची जात टिकणं वेगळं, ती कंपनी टिकणं वेगळं आणि तुमच्या हातातला नग टिकणं आणखी वेगळं. पेबल ही घड्याळाची कंपनी २०१६ च्या डिसेंबरात बंद झाली, पण आज कॉलेजच्या पोरापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या मनगटावर तसलंच घड्याळ आहे. २००३ मध्ये ५०१ रुपयांत घराघरात आलेले सीडीएमए फोन याच्या उलट. मोबाईलची जात जोरात वाढली आणि ते फोन मात्र भंगारात गेले. हँडसेट कंपनीला बांधलेला होता, सिम काढून दुसऱ्या फोनात घालायची सोयच नव्हती.

म्हणून वहीत दोन वाक्यं लिहा. पहिलं: "पाच वर्षांनी दिवाळीत ही वस्तू बेळगावातल्या साध्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नवी मिळत असेल." दुसरं: "आज घेतलेला नग तेव्हा घरात वापरात असेल." दोन्हीपुढे टक्के मांडा. हे आकडे बहुतेक वेळा एकमेकांपासून लांब असतात आणि पैसे अडकतात ते दुसऱ्या वाक्यात. "बघू या", "चान्स आहे" असली भाषा वहीत नको, कारण तिचा निकाल कधीच लागत नाही.

घरातलं काय बाहेर जाणार?

नवी वस्तू आली की जुनी कुठली तरी वस्तू किंवा कुठलं तरी काम सुटायला हवं. त्या सुटणाऱ्या गोष्टीचं नाव घेता आलं नाही तर अंदाज थेट खाली आणा. यूपीआय २०१६ साली आलं आणि त्याने सुट्या पैशांची कटकट घालवली. दहा रुपयांच्या चहाला पाचशेची नोट काढली की टपरीवाल्याचा चेहरा कसा व्हायचा, ते आठवा. दुकानदाराला यंत्र विकत घ्यावं लागलं नाही, छापलेला कागद चिकटवला की काम झालं. कार्ड स्वाइप करायचं मशीन त्याआधी कितीतरी वर्षं होतं, पण भाडं आणि कमिशन यांमुळे ते मोठ्या दुकानांच्या पुढे फारसं गेलं नाही.

आता रोटीमेकर घ्या. कागदावर सुटणारं काम मोठं होतं, रोजची लाटालाटी. पण गव्हाची कणीकसुद्धा त्याच्यासाठी नेहमीपेक्षा सैल भिजवावी लागते, गोळ्याला तेल लावावं लागतं आणि दाब जरा जास्त वेळ राहिला की पोळी कडक होते. ज्वारीची तर गोष्टच सोडा. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारा चिकट घटक, नाही. उकळतं पाणी घालून मळल्यावर पिठातला स्टार्च जो चिकटपणा धरतो, त्याच्या जोरावर भाकरी हाताने गोल थापली जाते. तोच गोळा तापलेल्या झाकणाखाली दाबला की कडा फुटतात आणि वरचा थर झाकणाला धरतो. शिवाय भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं असतं, ते दोन तव्यांच्या मध्ये कुठून फिरवणार? ज्या घरात रोज भाकरी लागते तिथे हे यंत्र एक काम कमी करून दोन वाढवतं. दुकानात मैदा घातलेल्या कणकेवर दाखवलेला डेमो बघून हे कळत नाही. डेमोला घरचं पीठ घेऊन जा, नाही म्हणाले तर त्यातच उत्तर आलं.

इंडक्शन शेगडी मात्र टिकली. तिने गॅस हटवला म्हणून नव्हे, दुसऱ्या शेगडीची जागा घेतली म्हणून. चहा, दूध, कुकर, आंघोळीचं पाणी एवढी कामं तिच्याकडे गेली. घेताना लोहचुंबक खिशात ठेवा. भांड्याच्या बुडाला तो घट्ट चिकटला तर भांडं चालेल. साध्या ॲल्युमिनियमच्या कुकरला चिकटत नाही, म्हणजे नवा कुकर धरून हिशेब करायचा. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर ओढते, म्हणून सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा लांबड्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका. प्लग काळा पडतो, बोर्ड वितळतो आणि मग "इंडक्शन बेकार" असा शिक्का बसतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे आषाढात झाडं पडून तास न् तास वीज जाते, तिथे गॅस परत देऊन फक्त इंडक्शनवर राहायचं नाही.

ऑफर वजा करून हिशेब मांडा

सवलत, कॅशबॅक, फुकटचे महिने, एक्स्चेंज हे सगळं वजा करा आणि मग विचारा की ही वस्तू उरलेल्या किमतीलाही कोणी घेईल का. सीमाभागात हा हिशेब पंख्यावर फार छान दिसतो.

साधा छताचा पंखा पूर्ण वेगात ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा, म्हणजे ब्रश नसलेल्या, सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा, ३० वॉट. फरक ४५ वॉटचा. बेळगावच्या हवेत पंखा वर्षभर लागत नाही, तरी रोज १४ तास आणि २५० दिवस धरले तर वर्षाला सुमारे १५७ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तर १,२५० रुपये. दोन पंख्यांच्या किमतीतला फरक बाराशे-पंधराशेचा असतो, तो वर्ष-सव्वा वर्षात निघतो.

आता हाच पंखा निपाणीत लावा. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती ही फुकट विजेची योजना आहे. २०२२-२३ च्या सरासरी वापरावरून ठरलेल्या कोट्याच्या आत राहणाऱ्या घराला, कमाल २०० युनिटपर्यंत, बिल शून्य येतं. जे घर महिन्याला ९० युनिट जाळतं आणि कोट्यातच बसतं, त्याला पंख्याने वाचवलेल्या १३-१५ युनिटचा एक रुपयाही मिळत नाही. पण उन्हाळ्यात २०० च्या काठावर जाणाऱ्या घराला तेच युनिट फार मोलाचे, कारण २०० ओलांडले की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. आणि पलीकडे कागलमध्ये, जिथे १०० युनिटनंतर दराचा टप्पा चढतो, तिथे पंखा सरळ पैसे वाचवतो. म्हणजे एकाच वस्तूचा हिशेब वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत तीन प्रकारे लागतो. निष्कर्ष काढताना जात आणि नग वेगळे ठेवा. जात टिकेल, कारण तिचा फायदा एका राज्याच्या योजनेवर उभा नाही आणि जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झाल्याने कारखान्यांचा कलही तिकडेच आहे. हेस्कॉमचं, म्हणजे इकडच्या कर्नाटकी वीज कंपनीचं, शून्य बिल येणाऱ्या घराने मात्र जुना पंखा चालू असताना तो उतरवायची घाई करू नये.

सवलत कमी झाली की विक्री पडते, हे ठरलेलंच. बघायचं ते पुढच्या सहा-आठ महिन्यांकडे. इलेक्ट्रिक दुचाकीला केंद्राची सवलत बॅटरीच्या दर किलोवॉट-तासाला (म्हणजे एका युनिटला) १५,००० रुपये होती. जून २०२३ मध्ये ती १०,००० वर आली, मार्च २०२४ मध्ये ती योजनाच संपली आणि पुढच्या योजनेत ५,००० राहिली. विक्री दचकली, पण पुन्हा सावरली. सवलतीचा टेकू काढल्यावर उभी राहिलेली वस्तू, एवढा एक पुरावा दहा जाहिरातींपेक्षा जड.

किंमत पुढे घसरेल का, हेही इथेच तपासा. कारखान्यात लाखोंनी निघणाऱ्या चिप आणि सेलवर वस्तू उभी असेल तर घसरते. सरकारच्या एलईडी खरेदीत बल्ब २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ वर आला. लिथियम बॅटरीचा पॅक २०१० च्या सुमाराला किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये तो ११५ डॉलरपर्यंत उतरला. याउलट ज्या वस्तूच्या किमतीत घरी येऊन बसवणाऱ्या माणसाची मजुरी, पाइप, लोखंड आणि गाडीभाडं जास्त, ती स्वस्त होण्याची वाट बघत बसू नका.

विकणाऱ्याला नको, दुरुस्त करणाऱ्याला विचारा

बेळगावच्या खडेबाजार-गणपत गल्लीच्या बाजूला फेरी मारा, पण शोरूममध्ये नको, रिपेरीच्या काउंटरवर जा. गर्दी नसेल अशी दुपारची वेळ धरा आणि तीन गोष्टी विचारा. हा नग दुरुस्तीला घेता का? यातलं पहिल्यांदा काय जातं आणि त्याला किती पडतात? तो पार्ट कुठून येतो आणि किती दिवसांत? "घेतो, पण बोर्ड कंपनीचाच लागतो" असं उत्तर आलं की कान टवकारा. पहिला जाणारा पार्ट वस्तूच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा महाग असेल तर नगाचे टक्के निम्म्यावर आणा.

पुन्हा तोच पंखा. साध्या पंख्यात बहुधा कपॅसिटर जातो. अडीच मायक्रोफॅरडचा तो डबा शंभराच्या आत मिळतो आणि गल्लीतला कुठलाही वायरमन पाच मिनिटांत बदलतो. बीएलडीसीत व्होल्टेजच्या झटक्याने सर्किट बोर्ड जातो, आणि एका कंपनीचा बोर्ड दुसरीला चालत नाही. घ्यायचाच तर बेळगावात त्या कंपनीचा बोर्ड हातात मिळतो का ते बघा. रिमोट हरवला तर भिंतीवरच्या बटणाने वेग बदलता येतो का, हेही विचारून घ्या. या दुसऱ्या प्रश्नाला सेल्समन हमखास गडबडतो.

अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे? "कोल्हापूरला आहे की" किंवा "हुबळीला पाठवू" हे उत्तर म्हणजे जाऊन येऊन दोनशे किलोमीटर आणि एक खाडा. वीस हजारांच्या वर किमतीच्या वस्तूला हे चालवून घेऊ नका. हजार-दीड हजाराच्या कानातल्या इअरबडला मात्र ही कसोटी लावण्यात अर्थ नाही. त्यातली इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरतेच, ती कोणी बदलत नाही, आणि तरीही ती जात टिकली. लोकांनी तिला चपलेसारखी झिजणारी वस्तू मानलं आणि किंमतही तशीच उतरली.

एक खूण फार खात्रीची आहे. आठवडी बाजारात एखाद्या वस्तूचे बिननावाचे चार्जर, कव्हर, पट्टे, डुप्लिकेट पार्ट दिसायला लागले की ती जात पक्की झाली समजा. डुप्लिकेट माल बनवणारा भावनेवर पैसे लावत नाही. त्याला खपलेल्या नगांचा आकडा कंपनीच्या मॅनेजरपेक्षा बरा कळतो.

कंपनीचं शटर पडलं तर?

ही कसोटी दुकानातच, पाच मिनिटांत करता येते. वस्तू जोडून चालू करा, मग वाय-फाय आणि फोनचा डेटा दोन्ही बंद करा. बल्ब भिंतीच्या बटणावर लागतो का? कॅमेरा आतल्या मेमरी कार्डवर रेकॉर्ड करतो का, आणि ते रेकॉर्डिंग खात्यात लॉग-इन न करता बघता येतं का? कॅमेऱ्याच्या खोक्यावर ऑनव्हिफ हे नाव आहे का बघा, असेल तर दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरलाही तो जोडता येतो. कुलूप असेल तर साधी किल्ली लागते का? एवढं झाल्यावर जे चालत राहतं, तेवढंच तुमच्या मालकीचं.

रेव्हॉल्व्ह नावाचा घरातली यंत्रं जोडणारा डबा २०१६ मध्ये कंपनीने सर्व्हर बंद केल्यावर निव्वळ प्लास्टिकचा तुकडा झाला. कपड्याला लावायची ह्यूमेनची एआय पिन एप्रिल २०२४ मध्ये ६९९ डॉलरला आणि वर महिन्याला २४ डॉलर घेऊन आली आणि फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी बंद पडली. जे काम खिशातला फोन करत होता, तेच काम ती हळू करत होती, म्हणजे "काय बाहेर जाणार" या कसोटीवर ती आधीच नापास होती. महिन्याचं भाडं असलेली प्रत्येक वस्तू वाईट असते असं नाही. दुकानातला पैसे मिळाल्याचं ओरडून सांगणारा डबा महिन्याला शंभराच्या आसपास भाडं घेतो आणि दुकानदार ते देतो, कारण हात पिठात किंवा तेलात असताना त्याला फोन बघावा लागत नाही.

याच्या उलट बाजूला सगळ्यांना खुलं असलेलं मानक. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने काढला आणि वापरायला सर्वांना मोकळा ठेवला. एका कंपनीचा कागद चिकटवला तरी दुसऱ्या कंपनीच्या ॲपवरून पैसे जातात. एखादं ॲप उद्या बुडालं तरी टपरीचा धंदा थांबत नाही. चार्जिंगचंही तसंच, यूएसबी-सी सोडून स्वतःची वेगळी पिन देणारी वस्तू आता घेऊच नका.

घरच्या बोलीत दहा वाक्यं

आवाजावर चालणारी वस्तू असेल तर घरात जसं बोलतो तसंच बोलून बघा, पुस्तकी मराठीत नको. "टीव्हीचा आवाज जरा कमी कर की", "उद्या सकाळी साडेपाचला उठव" अशी दहा वाक्यं, त्यातली तीन-चार कन्नड मिसळलेली, आणि दोन आजीच्या तोंडून. सातपेक्षा कमी समजली तर पहिल्या महिन्यानंतर ती वस्तू गाणी लावण्यापुरती उरते. ज्याला वाचता येत नाही किंवा चष्मा सापडत नाही, त्यालाही वापरता येणारी वस्तू घरात लवकर रुळते.

सिम घालायच्या वस्तूंना, म्हणजे फोर-जी कॅमेरा किंवा गाडीचा ट्रॅकर यांना, सिग्नलची चौकशी गावात नव्हे, जिथे ती बसणार त्या शेतात करा. एक हजाराचा फोन घेऊन तिथे उभं राहिलं की झालं.

आता तीन वस्तूंवर लावून बघू

इलेक्ट्रिक स्कूटर. जात टिकण्याला ९५ टक्के. नगाचं घरावर अवलंबून. तीन किलोवॉट-तासाची बॅटरी आणि किलोमीटरला ३० वॉट-तास धरले तर शंभर किलोमीटर होतात. "घाटात रेंज अर्धी होते" हे पारावरचं गणित चुकीचं आहे. गाडी आणि दोन माणसं मिळून २५० किलो, चढ ५०० मीटर, म्हणजे ०.३४ युनिट, मोटारीतली गळती धरून ०.४३. आंबोलीसारखा घाट चढताना सपाटीच्या हिशेबापेक्षा चौदा-पंधरा किलोमीटर जास्त खर्ची पडतात, इतकंच. त्रास होतो तो सलग चढावर तापलेला कंट्रोलर, म्हणजे मोटारीला वीज सोडणारा डबा, ताकद कमी करतो तेव्हा, आणि वाटेत चार्जर मिळत नाही तेव्हा. शहरात खरी अडचण जुन्या गल्लीतल्या घरांची. गाडी रस्त्यावर, मीटर आत, मध्ये गटार. ७५० वॉटच्या चार्जरला पाच तास लागतात आणि तेवढा वेळ रस्त्यावरून वायर टाकून ठेवता येत नाही. अशा घराने बॅटरी काढून वर नेता येणारी गाडी बघावी किंवा थांबावं. दारात सॉकेट असेल तर नगाला ८० टक्के, नसेल तर ४०.

घडीचा फोन. जात ७० टक्के, २०१९ पासून अनेक कंपन्या टिकून आहेत. नग ३० टक्के. आतला पडदा गेला की खर्च एका चांगल्या नव्या फोनाएवढा येतो आणि तो पडदा आपल्या रिपेरीवाल्याकडे नसतो.

चेहऱ्यावर घालायचा स्मार्ट चष्मा. इथे जुना इतिहास आड येतो. थ्रीडी टीव्ही २०१० मध्ये आला तेव्हा घरात माणसं सहा आणि चष्मे दोन अशी गत होती, बघायला चॅनेलही नव्हते, आणि २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी तो बनवणं सोडलं. गूगल ग्लास २०१३ मध्ये १,५०० डॉलरला निघाला आणि २०१५ च्या जानेवारीत विक्री थांबली, कॅमेरा रोखलेल्या माणसाशी बोलायला कोणी तयार नव्हतं. आताचे चष्मे दिसायला साधे आहेत आणि ज्याला नंबर आहे त्याला चष्मा घालायचाच असतो, ही जमेची बाजू. म्हणून जात ५५. नग २५, कारण काड्यांमधली बॅटरी बदलता येत नाही आणि नंबर बदलला की काचेचा खर्च वेगळा.

वही तपासायची रीत

दर दिवाळी पाडव्याला वही उघडा. मुदत भरलेलं जे वाक्य खरं ठरलं त्याला १, खोटं ठरलं त्याला ०. तुमच्या टक्क्यांचा दशांश करून त्यातून हा आकडा वजा करा आणि वर्ग करा. ८० टक्के म्हणालात आणि वस्तू बुडाली, तर ०.८ चा वर्ग ०.६४. टिकली, तर ०.२ चा वर्ग ०.०४. सगळ्या नोंदींची सरासरी काढा. प्रत्येक वेळी डोळे मिटून ५० टक्के लिहिलं असतं तर सरासरी ०.२५ आली असती. तुमची त्याहून जास्त आली तर कुठल्या कसोटीने दगा दिला ते नोंदीशेजारी लिहा. सुरुवातीला ती बहुधा दुरुस्तीची निघते, कारण वस्तू हातात नवी कोरी असताना ती बिघडेल हे मनाला पटत नाही. वीसेक नोंदी होईपर्यंत या सरासरीवर फार विसंबू नका, आणि नोंद केल्यावर जुने टक्के खोडू नका. मत बदललं तर खाली नवी तारीख घालून नवा आकडा लिहा.